टपाल थांबले की खर्च कोणाच्या माथी?

कॅनडातल्या टपाल कामगारांनी संप केला तर आपल्या तालुक्यातल्या माणसाचे काय बिघडते, असा प्रश्न कोणालाही पडेल. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी फारसे काही बिघडत नव्हते. आता तसे राहिलेले नाही. कोणी शैक्षणिक कर्ज काढून, कोणी जमिनीचा तुकडा विकून पोरांना टोरांटो, ब्रॅम्प्टन, न्यू जर्सी, टेक्सासला पाठवले आहे. फोनवर रोज तोंड दिसते, बोलणे होते. पण फोनमधून चकलीचा डबा जात नाही, आणि वाटणीच्या कामाला लागणारे कुलमुखत्यारपत्र मूळ सहीनिशी येत नाही. त्याला टपाल किंवा कुरिअरच लागते.

२०२५ सालच्या दिवाळीत ही गोष्ट पुष्कळ घरांना कळून चुकली. त्या वेळी अमेरिका आणि कॅनडा, दोन्हीकडची टपालाची वाट एकाच हंगामात अडली. लोक कुरिअरकडे धावले. डबा गेला खरा, पण काही घरी आतल्या मालापेक्षा भाडे जास्त, आणि वर पलीकडे पोराच्या हातात कस्टमचे बिल.

सांगायचा मुद्दा सरळ आहे. टपाल थांबले की माल दुसऱ्या वाटेने जातो. वाट बदलली की भाडे बदलतेच, पण कस्टम कोणी भरायचे, कधी भरायचे आणि त्यावर हाताळणीचा आकार किती, हेही बदलते. आपण खिडकीवर फक्त भाडे विचारतो. फसगत तिथेच होते.

एकाच दिवाळीत दोन दारे बंद

आधी अमेरिकेचे बघू. त्या देशात ८०० डॉलरपर्यंतचा माल कस्टम न लागता आत जात असे. ही सवलत २९ ऑगस्ट २०२५ पासून काढून घेण्यात आली. आता टपालाच्या पिशवीतल्या प्रत्येक पाकिटावर कर कोणी, कसा गोळा करायचा, याची व्यवस्था वेळेत लागली नाही. विमान कंपन्यांनी टपाल उचलायला नकार दिला. मग आपल्या डाक विभागाने २५ ऑगस्टपासून अमेरिकेचे बहुतेक बुकिंग थांबवले. सुरुवातीला पत्रे, कागदपत्रे आणि १०० डॉलरपर्यंतच्या भेटवस्तू चालू ठेवल्या होत्या. ऑगस्ट संपता संपता त्याही बंद कराव्या लागल्या. हे काही एकट्या भारताचे झाले नाही. ८८ टपाल संस्थांनी आपली अमेरिकेची सेवा पूर्ण किंवा अंशतः थांबवल्याचे जागतिक टपाल संघाने त्या वेळी जाहीर केले होते. भारतातून सेवा पुन्हा सुरू झाली ती १५ ऑक्टोबर २०२५ रोजी. लक्ष्मीपूजन होते २१ तारखेला. सहा दिवसांत पार्सल अमेरिकेत पोचते थोडेच!

आता कॅनडा. तिथे २५ सप्टेंबर २०२५ रोजी टपाल कामगारांनी देशभर काम बंद केले. ११ ऑक्टोबरपासून त्यांनी संपाची पद्धत बदलली. आज या गावात, उद्या त्या गावात, असा आळीपाळीचा संप सुरू झाला. म्हणजे टपाल हलू लागले, पण कुठले कधी पोचेल याचा भरवसा नाही. २१ नोव्हेंबरला तत्त्वतः समझोता झाला आणि संप व टाळेबंदी थांबवायचे ठरले. तोवर भाऊबीज होऊन महिना होत आला होता.

त्याच्या आदल्या वर्षीही हेच घडले होते. १५ नोव्हेंबर ते १७ डिसेंबर २०२४ असा महिनाभराचा संप झाला, सुमारे ५५ हजार कामगार बाहेर होते. अमेरिकेच्या टपाल खात्यानेसुद्धा २९ नोव्हेंबरपासून कॅनडाचे टपाल घेणे थांबवले. कामगार कामावर परतले तरी साचलेला ढीग उपसायला जानेवारी उजाडला. हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. संप मिटल्याची बातमी आली म्हणजे दुसऱ्या दिवशी डबा पोचत नाही. धरणाचा दरवाजा उघडला तरी टेलच्या शेतकऱ्याला पाणी मिळायला दिवस लागतात, तसेच हे आहे.

संप कशासाठी होता?

संपकऱ्यांना नुसती नावे ठेवण्याआधी हेही समजून घेतले पाहिजे, कारण भांडणाचे एक टोक खेड्यात आहे. कॅनडाचे टपाल खाते वर्षानुवर्षे तोट्यात आहे. २०१८ पासूनचा तोटा ५०० कोटी डॉलरच्या वर गेला. दोन दशकांपूर्वी वर्षाला ५५० कोटी पत्रे वाटली जात, ती २०० कोटींवर आली. पार्सलचा धंदा खासगी कंपन्यांनी नेला. म्हणून तिथल्या सरकारने २५ सप्टेंबर २०२५ रोजी मोठे बदल जाहीर केले. आणखी सुमारे ४० लाख घरांची दारपोच डाक बंद करून वस्तीच्या सामायिक पेट्यांत टपाल टाकायचे, आणि खेड्यातली टपाल कार्यालये बंद करायला १९९४ पासून जी मनाई होती ती उठवायची. या मनाईखाली जवळपास चार हजार कार्यालये होती. घोषणा झाली त्याच दिवशी कामगार बाहेर पडले.

म्हणजे बघा, देश श्रीमंत असो वा गरीब, तोटा दिसला की पहिली नजर खेड्यातल्या पोस्टावर जाते. आपल्याकडे सुमारे १ लाख ६४ हजार टपाल कार्यालये आहेत. त्यांतली दर दहापैकी नऊच्या आसपास खेड्यांत आहेत. ती चालवतो तो ग्रामीण डाक सेवक. २२ मे २०१८ पासून या डाक सेवकांनी संप केला होता, तो वाचकांना आठवत असेल. कमलेश चंद्र समितीच्या शिफारशी लागू करा, एवढीच मुख्य मागणी होती. सोळाव्या दिवशी, ६ जूनला, केंद्रीय मंत्रिमंडळाने वाढीव भत्त्यांना मंजुरी दिली आणि संप मिटला. त्या दिवसांत शाखा डाकघराला कुलूप होते, मनीऑर्डर अडली, बचतीचे पुस्तक अडले. शहरातला माणूस कुरिअर आणि एटीएमकडे गेला. वाडीवरची म्हातारी कुठे जाणार?

कॅनडातही तेच झाले. मोठ्या शहरात खासगी कंपन्यांची गाडी दारात येते. दूरच्या वस्तीवर मात्र या कंपन्या स्वतःच आपले पार्सल टपाल खात्याकडे सोपवतात, कारण तिथवर जाणे त्यांना परवडत नाही. टपाल बंद म्हणजे त्या वस्तीपुरते कुरिअरही अर्धे बंद. म्हणून तुमचा नातेवाईक मोठ्या शहरात राहतो की लांबच्या गावात, हे कुरिअर करण्याआधी विचारा. लांबच्या पत्त्याला जादा आकारही लागतो.

टपालाला पर्याय कोणते?

संपाच्या काळात माणसापुढे चार वाटा असतात.

पहिली, थांबणे. गंमत वाटेल, पण टिकणाऱ्या वस्तूला ही सगळ्यांत स्वस्त वाट आहे. सणासाठी म्हणून आटापिटा करून पाठवलेला डबा सणानंतरच पोचणार असेल, तर घाई कशाला? पापड, कुरडया, मेतकूट महिनाभर थांबले तर काही बिघडत नाही. मात्र बुकिंग चालू आहे म्हणून पार्सल आतल्या ढिगात टाकून देणे हे थांबणे नव्हे. संपाच्या काळात अशा पार्सलचा माग लागत नाही आणि वेळेची हमीही राहत नाही. पार्सल आपल्या घरात थांबलेले बरे.

दुसरी, मोठी आंतरराष्ट्रीय कुरिअर कंपनी. तिचे स्वतःचे विमान, स्वतःची गाडी, त्यामुळे तिथल्या टपाल संपाचा थेट फटका बसत नाही. पण संपात सगळी गर्दी तिच्याकडे वळते, उशीर होतो आणि भाडे टपालाच्या कितीतरी पट पडते. इथे एक गोम आहे, ती म्हणजे आकारमानाचे वजन. खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घ्यायची, तिन्हींचा गुणाकार करायचा आणि ५,००० ने भागायचे. जे येईल ते किलो. प्रत्यक्ष वजन आणि हे वजन, यांत जे जास्त असेल त्यावर भाडे. समजा खोके ४० बाय ३० बाय ३० चे आहे. गुणाकार ३६ हजार, भागले तर ७.२ किलो. आत चिवडा आणि चकली मिळून चारच किलो असली तरी भाडे सव्वासात किलोच्या पुढचे. कापसाची गाडी भरलेली दिसते पण काट्यावर हलकी भरते, त्याच्या उलटा हा प्रकार. म्हणून चिवड्यासारखा फुगीर माल कुरिअरने पाठवू नका. लाडू, शंकरपाळे, चटण्या अशा जड आणि कमी जागा खाणाऱ्या वस्तू निवडा आणि खोके मालाच्या मापाचे घ्या.

तिसरी, गोळा करून पाठवणारे एजंट. जिल्ह्याच्या ठिकाणी "फराळ परदेशी पाठवा" अशा पाट्या दिवाळीत लागतात. हे लोक पुष्कळांचे डबे गोळा करून घाऊक दराने कुरिअरला देतात. त्यामुळे स्वस्त पडते. यात गैर काही नाही. पण त्यांना दोन गोष्टी आधी विचारा. पलीकडे शेवटचे वाटप कोण करणार? ते जर तिथल्या टपालानेच होणार असेल, तर संपात तुमचा डबा तिथल्या गोदामात पडून राहील. आणि कस्टमचा खर्च तुमच्या दरात धरला आहे की नाही? तोंडी उत्तर घेऊ नका, पावतीवर लिहून घ्या.

चौथी वाट, जाणाऱ्याच्या सामानातून. गावचे कोणी निघाले की प्रत्येक जण पिशवी आणून देतो. देणाऱ्याने पिशवी उघडी द्यावी आणि घेणाऱ्याने आत काय आहे ते स्वतः बघून भरावे. विमानतळावर विचारणा होते ती बॅग ज्याची त्याला. "मला ठाऊक नाही, शेजाऱ्यांनी दिले" हे उत्तर चालत नाही. खाण्याचे जिन्नस असतील तर उतरल्यावर फॉर्मवर तसे सांगावे.

कस्टमचे गणित अडतीसारखे

बाजार समितीत माल नेणाऱ्याला हे गणित समजावून सांगावे लागत नाही. मालाचा भाव वेगळा, हमाली-तोलाई वेगळी, अडत वेगळी. अडत शेतकऱ्याच्या पट्टीतून कापायची की खरेदीदाराकडून घ्यायची, यावर २०१६ साली आपल्याकडे केवढे रान उठले होते! परदेशी पार्सलचे तेच आहे. तीन आकडे वेगवेगळे धरा.

एक, भाडे. ते इथे खिडकीवर भरतो.

दोन, त्या देशाचे सीमाशुल्क आणि विक्रीकर. ते त्या सरकारला जाते.

तीन, ते शुल्क भरून पार्सल सोडवून आणल्याची मजुरी. ती टपाल खाते किंवा कुरिअर घेते. कुरिअरवाला तुमच्या वतीने कर आगाऊ भरतो आणि दलाली व आगाऊ रकमेचा आकार लावून वसूल करतो. टपालात ही मजुरी ठरलेली असते. कुरिअरची कंपनीनुसार बदलते आणि बहुधा जास्त असते.

आता कॅनडाचे उदाहरण घ्या. तिथे परदेशातून आलेली वैयक्तिक भेट ६० कॅनेडियन डॉलरपर्यंत करमुक्त आहे. त्यावर किंमत गेली तर वरच्या रकमेवर कर बसतो. समजा तुमच्या डब्याची किंमत ७९ डॉलर झाली. वरच्या १९ डॉलरवर आँटारिओ प्रांतात १३ टक्के कर लागला तर तो होतो अडीच डॉलर. पण तो गोळा केल्याबद्दल तिथले टपाल खाते ९ डॉलर ९५ सेंट हाताळणी घेते. चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला म्हणतात तो हा. डबा ६० डॉलरच्या आत ठेवला असता तर दोन्ही वाचले असते. २०२५ च्या अखेरीच्या हिशेबाने हे साधारण पावणेचार हजार रुपये होतात. डॉलरचा भाव बदलतो, तेव्हा पाठवायच्या दिवशी बघून घ्यावा.

अमेरिकेचे उदाहरण वेगळे. १५ ऑक्टोबर २०२५ ला सेवा सुरू झाली तेव्हा भारतातून टपालाने जाणाऱ्या मालावर जाहीर किमतीच्या ५० टक्के शुल्क होते आणि ते बुकिंगच्या वेळी इथेच भरायचे, अशी पद्धत आली. म्हणजे चार हजारांच्या विक्रीच्या मालाला दोन हजार शुल्क. पण माणसाने माणसाला पाठवलेली १०० डॉलरपर्यंतची खरी भेट यातून मोकळी होती. घरच्या फराळाचा चार हजारांचा डबा तेव्हाच्या दराने ४५ डॉलरच्या आसपास येतो, त्याला शुल्क पडायचे कारण नाही. त्यानंतर अमेरिकेचे दर बदलत राहिले आहेत. म्हणून ५० टक्के हा आकडा मनात धरून बसू नका, बुकिंगच्या दिवशीचा दर खिडकीवर विचारा.

इथे एक इशारा द्यावासा वाटतो. भेट म्हणून सवलत आहे हे कळले की काही जण विक्रीचा मालही "भेट" लिहून पाठवतात, किंवा पाच हजारांच्या साडीपुढे पाचशे लिहितात. हे करू नका. फॉर्मवर तुमची सही असते. खोटे सापडले तर पार्सल अडते आणि त्रास घेणाऱ्या पोराला होतो. विद्यार्थी व्हिसावरच्या मुलाला असली लफडी परवडत नाहीत. तसेच एकच माल तुकडे करून एकाच माणसाला एकाच दिवशी पोचेल असा पाठवला, तर अमेरिकेत तो एकत्र धरला जातो. सवलत माणशी, दिवसाशी असते.

डबा नाकारला तर काय, हेही आधी ठरवा. टपालाच्या कस्टम फॉर्मवर "पोचला नाही तर परत पाठवा" किंवा "सोडून दिला असे समजा" असे पर्याय असतात. परत मागवले तर परतीचा खर्च तुमच्या अंगावर येऊ शकतो. हजाराच्या लाडवांसाठी तीन हजारांचे परतभाडे भरण्यात शहाणपण नाही.

डब्यात काय घालावे, काय नको

फॉर्मवर नुसते "खाऊ" किंवा "घरगुती सामान" लिहू नका. "बेसन लाडू, १ किलो, किंमत अमुक" असे एकेक लिहा. मोघम लिहिले की पार्सल उघडले जाते, दिवस जातात.

बियाणे पाठवू नका. गावची भोपळ्याची, घेवड्याची बी पोराने परसात लावावी असे आईला वाटते, पण पीक आरोग्य प्रमाणपत्राशिवाय बी दुसऱ्या देशात जात नाही. यात त्या देशाची चूक नाही. बाहेरची कीड आत येऊ नये, हे शेतकऱ्याला कोणी शिकवायला नको. रोपे, माती, ओली फळे यांनाही तेच. खवा, तूप, दुधाची मिठाई यांचे नियम देशागणिक वेगळे आहेत, आधी विचारल्याशिवाय घालू नयेत. आखाती देशांत पाठवत असाल तर खसखस अजिबात नको. तिथे ती बंदीच्या यादीत आहे, आणि अनारशावर लावलेली खसखससुद्धा माणसाला अडचणीत आणते.

अमेरिकेत अन्न पाठवायचे तर तिथल्या अन्न खात्याला आधी सूचना द्यावी लागते. मात्र घरी स्वतः केलेला पदार्थ स्वतःच भेट म्हणून पाठवला, तर या सूचनेतून सूट आहे. विकत घेतलेल्या आणि विक्रीच्या मालाला ही सूट नाही.

कागदाला कस्टम नाही, मुदत आहे

आता ग्राम महसूल अधिकारी आणि ग्रामपंचायतीच्या मंडळींनी लक्ष द्यावे असा भाग. कागदपत्रांना सीमाशुल्क नसते. म्हणून टपाल बंद असताना कागदासाठी कुरिअर करायला हरकत नाही. वजन नाही, कर नाही, आणि अडलेल्या कामाच्या मानाने खर्च थोडा.

सगळ्यांत जास्त अडते ते कुलमुखत्यारपत्र. भावकीत वाटणी आहे, हक्कसोड करायची आहे, एक भाऊ कॅनडात. मोबाईलवर आलेला फोटो दुय्यम निबंधकांपुढे चालत नाही, मूळ कागद लागतो. परदेशात राहणाऱ्याने तो तिथल्या नोटरीपुढे किंवा भारतीय वकिलातीत करायचा असतो. कॅनडा ११ जानेवारी २०२४ पासून अपोस्टिल कराराखाली आला, भारत २००५ पासून आहे. त्यामुळे आता तिथल्या नोटरीच्या कागदावर अपोस्टिलचा शिक्का घेऊन तो इथे वापरता येतो.

कागद इथे आल्यावर घड्याळ सुरू होते. राज्याबाहेर केलेल्या दस्ताला तो महाराष्ट्रात आल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक लावून घ्यावा लागतो. परदेशात केलेला दस्त नोंदवायचा असेल तर तो भारतात आल्यापासून चार महिन्यांत नोंदणीला हजर करावा लागतो. कागद कधी आला, याचा पुरावा काय? ज्या पाकिटातून आला ते पाकीट आणि त्यावरची तारीख. लोक कागद जपतात आणि पाकीट चुलीत घालतात. पाकीट आणि पोचपावती दस्ताबरोबर टाचून ठेवा. संपाच्या काळात सही एका महिन्याची आणि आगमन तिसऱ्या महिन्याचे असे घडते, तेव्हा हाच पुरावा उपयोगी पडतो.

बचत गटांसाठी

फराळ, मसाले, पापड परदेशी विकणाऱ्या महिला गटांना भेटीची सवलत मिळत नाही, कारण त्यांचा माल विक्रीचा आहे. त्यांनी रीतसर वाट धरावी. परकीय व्यापार महासंचालनालयाकडून आयात-निर्यात क्रमांक घ्यावा. ५०० रुपये फी आहे आणि अर्ज संगणकावर होतो. अन्न परवाना हवाच. टपाल खात्याने २०२२ पासून डाकघर निर्यात केंद्रे सुरू केली, ती देशभरात हजाराच्या वर आहेत. तिथून टपालानेच निर्यातीचे कागद करता येतात, मुंबईला हेलपाटा घालावा लागत नाही.

पण २०२५ च्या दिवाळीचा धडा या गटांनी विसरू नये. ऑर्डर घेताना दर ठरवताना तीन आकडे वेगळे लिहा: मालाची किंमत, पाठवणी, कस्टम. कस्टम कोण भरणार ते गिऱ्हाइकाशी आधी बोला. आणि "टपाल बंद पडल्यास वाढीव खर्च घेणाऱ्याचा, अथवा पैसे परत" अशी एक ओळ पावतीवर छापून घ्या. एका देशाच्या एकाच वाटेवर सगळा माल लादू नका. एकाच पिकावर वर्ष काढणाऱ्याचे काय होते, हे आपल्याला ठाऊक आहे.

गावपातळीवर काय करता येईल?

परदेशी पार्सलचे बुकिंग वाडीवरच्या शाखा डाकघरात सहसा होत नाही. तालुक्याला किंवा जिल्ह्याच्या मुख्य डाकघरात जावे लागते. माणूस रोजगार बुडवून, एसटीचे भाडे घालून जातो आणि खिडकीवर कळते की अमुक देशाचे बुकिंग बंद आहे. हा हेलपाटा टाळणे अवघड नाही. कोणत्या देशाची सेवा थांबली, कधी सुरू झाली, याचे निवेदन डाक विभाग काढतोच. ते शाखा डाकघराच्या आणि ग्रामपंचायतीच्या फळ्यावर दोन ओळींत लागले पाहिजे. शाखा डाकपाल आणि ग्रामपंचायत अधिकारी यांनी मनावर घेतले तर यासाठी वेगळा आदेश लागणार नाही.

पाठवणाऱ्यानेही निघण्यापूर्वी पाच प्रश्नांची उत्तरे हातात ठेवावीत. त्या देशाचे बुकिंग आज चालू आहे का? पलीकडचे वाटप टपालाचे की खासगी? माझ्या पाकिटात कागद आहे, भेट आहे की विक्रीचा माल? कस्टम आणि हाताळणी कोण भरणार? पार्सल पोचले नाही तर परत की सोडून? या पाचांची उत्तरे मिळाली की भाड्याचा आकडा विचारायचा, त्याआधी नाही.

संप करणे हा कामगाराचा हक्क आहे. कॅनडातल्याच टपाल कामगारांनी १९८१ साली ४२ दिवस संप करून बाळंतपणाची पगारी रजा मिळवली होती, आणि आपल्या डाक सेवकांना २०१८ साली जे मिळाले तेही संपाशिवाय मिळाले नसते. तेव्हा राग संपावर काढून उपयोग नाही. मात्र टपाल थांबले की शहराला पर्याय मिळतो आणि खेड्याला वाढीव बिल मिळते, ही गोष्ट दोन्ही देशांत खरी ठरली आहे. टपालाची खिडकी स्वस्त आहे आणि ती सगळ्यांसाठी सारखी आहे, म्हणून तिचे मोल आपल्याला बंद पडल्यावरच कळते. गावच्या शाखा डाकघरात खाते ठेवा, व्यवहार तिथे करा, वेळेवर उघडत नसेल तर ग्रामसभेत विषय काढा. तोट्याचा हिशेब मांडून कोणी ती बंद करायला आला, तर दाखवायला तिथे गिऱ्हाईक असले पाहिजे.